ग्रेस विल्यम्स ऐकायची कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘वेल्समधली फार महत्त्वाची संगीतकार म्हणून ग्रेस विल्यम्सचं नाव वाचलं. तिची सर्वांत गाजलेली रचना म्हणून ‘फॅन्टसिया ऑन वेल्श नर्सरी ट्यून्स’ ऐकली. गोड आहे, पण बडबडगीतांची माळ ओवल्यासारखी वाटली. यात एवढं काय आहे? पुढे काय ऐकू? आणि सत्तर वर्षांच्या आयुष्यात हिच्या नावावर एवढंच काम कसं?’

तुमचा कान बरोबर सांगतोय. ती माळच आहे, आणि माळ म्हणूनच केलेली आहे. तिची ओळख तेवढ्यावर थांबली, हा मात्र तिच्यावर झालेला अन्याय.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी व्हायोला वाजवतो, म्हणजे व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या आवाजाचा भाऊ. शिकलो पुण्यात, व्हायोलिनवर. पुढे नोकरीने साउथ वेल्सला नेलं आणि तिथे वीसेक वर्षं हौशी वाद्यवृंदांत मागच्या खुर्चीवर बसलो, शाळांतून मुलांना तारवाद्यं शिकवली. संगीतशास्त्राचा अभ्यासक मी नाही. ग्रेस विल्यम्स मला पुस्तकातून कळली नाही, गजातून कळली. आणि हो, पुढे मी तिला ‘ती’च म्हणणार आहे. ज्या कलाकाराचा लळा लागतो त्याला मराठीत अहो-जाहो टिकत नाही.

फॅन्टसिया १९४० ची. वेल्श मुलांच्या आठ धुना घेतल्या आहेत: घोड्याचं गाणं, अंगाई, नाचाचं गाणं अशा. दहा-अकरा मिनिटांत एकीतून दुसरी निघते. काम सफाईचं आहे. एका धुनेतून दुसरीत शिरताना सांधा कुठे दिसत नाही, आणि वाद्यांची वाटणी इतकी हुशार की साधारण वाद्यवृंदही त्यात चांगला वाजतो. म्हणूनच ती चालली. रेडिओवर लागायची, शाळांत वाजायची, १९४९ मध्ये तबकडी निघाली. वेल्समध्ये एखाद्या कार्यक्रमाला ‘आपलं काहीतरी’ हवं असलं की फॅन्टसियाचे कागद निघतात. मी स्वतः ती किती वेळा वाजवली त्याचा हिशेब नाही. पण तिच्यावरून ग्रेस विल्यम्सला जोखणं म्हणजे एखाद्या गवयाला त्याच्या एकाच लोकप्रिय भजनावरून जोखण्यासारखं आहे. तिने रेडिओसाठी आणि शाळांसाठी लोकगीतांच्या मांडण्या पुष्कळ केल्या, ते पोटापाण्याचंही काम होतं. तिच्या मोठ्या रचनांत मात्र उसनी धुन क्वचितच सापडते. तिथला वेल्शपणा वेगळ्या जागी आहे. तो कुठे आहे, हेच या सगळ्या उत्तरात सांगायचं आहे.

वेल्सला स्वतःला ‘गाण्याचा देश’ म्हणवून घ्यायला आवडतं, आणि ते खोटं नाही. पण ते गाणं म्हणजे चॅपलमधलं, तिथल्या छोट्या प्रार्थनाघरांतलं, समूहगान. एकोणिसाव्या शतकात खाणकामगार, गिरणीकामगार, शेतकरी चार आवाजांत स्तोत्रं गायचे, आणि बहुतेकांना पाच ओळींची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचताच यायची नाही. ते टॉनिक सोलफा वाचायचे, म्हणजे ‘दो, रे, मी’ची अक्षरं आणि मध्ये मात्रांच्या खुणा. आपल्याकडच्या सारेगम लिहिलेल्या वहीची ती चुलत बहीण. त्या पद्धतीने अख्ख्या गावांना गायला शिकवलं. त्याच वातावरणातून जोसेफ पॅरी आला. १८४१ मध्ये मर्थर टिडफिलला जन्म, लहानपणीच खाणीत काम, मग कुटुंबाबरोबर अमेरिकेत, पुढे परत येऊन अ‍ॅबरिस्टविथला संगीताचा प्राध्यापक. त्याचं ‘मवानवी’ हे गाणं आजही पुरुषांचा प्रत्येक कॉयर, म्हणजे गायकवृंद, गातो.

या सगळ्यात एक गोष्ट नव्हती: वाद्यवृंद. घसा प्रत्येकाकडे होता. ओबो, बसून, हॉर्न विकत घेणं आणि ते शिकवणारा माणूस मिळणं ही पैशाची गोष्ट होती. कार्डिफमध्ये १९२८ मध्ये रेडिओच्या आश्रयाने एक राष्ट्रीय वाद्यवृंद उभा राहिला आणि १९३१ मध्ये बंद पडला. १९३५ मध्ये बीबीसीने पुन्हा एक काढला, तो जेमतेम वीस वादकांचा. ज्या बाईला मोठ्या वाद्यवृंदासाठीच लिहायचं होतं तिच्या देशात ही परिस्थिती होती. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. बाकीचं पुढे येईल.

तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९०६ चा, ग्लॅमॉर्गनच्या किनाऱ्यावर बॅरी या गावात. बॅरीला ‘गाव’ म्हणतो खरा, पण ते गाव कोळशाने घडवलं. १८८९ मध्ये तिथे गोदी सुरू झाली आणि काही शे वस्तीचं ठिकाण वीस-पंचवीस वर्षांत तीस हजारांच्या पुढे गेलं. १९१३ मध्ये या एका बंदरातून सुमारे १.१ कोटी टन कोळसा बाहेर गेला. माणसं चहूकडून आली, त्यामुळे रस्त्यावरची भाषा इंग्रजीच राहिली. ग्रेसला वेल्श भाषा घरच्यासारखी कधीच बोलता आली नाही, आणि ही बोच तिला होती. आईवडील दोघं शिक्षक. वडील मुलांचा एक नावाजलेला कॉयर चालवायचे. घरात पियानो, व्हायोलिन, चेलो. भावंडांनी आणि वडिलांनी मिळून घरीच वाजवायचं. साथीला बसून तिचा हात लहानपणीच तयार झाला.

आणि समोर समुद्र. बॅरीचा समुद्र म्हणजे ब्रिस्टलची खाडी, आणि तिथली भरती-ओहोटी जगातल्या मोठ्यांत मोडते. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. बॅरीला दहा मीटरहून जास्त. सकाळी पाहावं तर बोटी चिखलात कलंडलेल्या, दुपारी त्याच बोटी धक्क्याला टेकलेल्या. ज्याने हे पाणी रोज पाहिलं त्याला संगीतात ‘लाट’ म्हणजे नुसती वर-खाली जाणारी स्वरांची ओळ वाटत नाही. लाटेखाली एक मोठी, संथ ओढ चालू असते. तिच्या संगीतात ती ओढ आहे. पुढे ‘सी स्केचेस’वर येऊ तेव्हा हे लक्षात ठेवा.

शिष्यवृत्ती मिळवून ती कार्डिफच्या विद्यापीठात गेली. ती शिष्यवृत्ती मॉरविद ओवेनच्या नावाची होती, आणि या नावाजवळ मी क्षणभर थांबतोच. मॉरविद ओवेन वेल्सची विलक्षण प्रतिभेची संगीतकार आणि गायिका. मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्सशी लग्न झालं आणि १९१८ मध्ये, सत्तावीस पुरी व्हायच्या आत, आंत्रपुच्छाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर ती गेली. म्हणजे ग्रेस शिकायला गेली ती एका अकाली गेलेल्या बाईच्या नावाच्या पैशावर. कार्डिफचा अभ्यासक्रम तिला कोरडा वाटला: नियमाबरहुकूम स्वरमेळ आणि काउंटरपॉइंट (एकावर एक चालणाऱ्या सुरावटींची जुळणी) सोडवत बसायचं, स्वतःचं लिहायला वाव नाही. १९२६ मध्ये पदवी घेऊन ती लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गेली आणि तिथे श्वास मोकळा झाला. गुरू रॅल्फ वॉन विल्यम्स आणि गॉर्डन जेकब, दोघंही इंग्लिश संगीतकार. बरोबरीच्या, पुढे संगीतकार झालेल्या मुलींत एलिझाबेथ मकाँकी, इमोजेन होल्स्ट, डोरोथी गो.

मकाँकी आणि ग्रेस यांची मैत्री पन्नास वर्षं टिकली, आणि पत्रांवर टिकली. ही पत्रं आता छापून आली आहेत. ती वाचताना मला त्यातलं तत्त्वज्ञान नव्हे, रोजचं कामकाज धरून ठेवतं. एकमेकींच्या रचना एकमेकींकडे पाठवायच्या, ही जागा लांबली, ते वाद्य दबलं, असं स्पष्ट सांगायचं. त्या काळी बाईला असं सांगणारं दुसरं कोण होतं? मकाँकीला एक मोठी शिष्यवृत्ती नाकारताना कॉलेजच्या संचालकाने सांगितलं होतं की तू लग्न करशील आणि पुन्हा एक सूर लिहिणार नाहीस. मकाँकीने लग्न केलं, मुली वाढवल्या आणि तेरा स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तारवाद्यांसाठीच्या रचना, लिहिले. ग्रेसने लग्न केलं नाही.

१९३० मध्ये प्रवासाची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तिने व्हिएन्ना निवडलं. गुरू एगॉन वेलेस, स्वतः आधुनिक संगीतकार शनबर्गचा शिष्य. वेलेसने तिच्या लिखाणातला ढिलेपणा काढला. संध्याकाळी ती ऑपेराला जायची, जवळजवळ रोज. वाद्यवृंदाचा रंग ती कुठे शिकली असं कोणी विचारलं तर मी व्हिएन्नाच्या ऑपेरातल्या वरच्या स्वस्त जागांकडे बोट दाखवीन.

परत आल्यावर १९३२ पासून लंडनमध्ये शिक्षकी: मुलींची एक शाळा आणि एक अध्यापक विद्यालय. इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनशी मैत्री झाली. बायकांनीच सुरू केलेल्या मॅक्नॉटन-लेमेअर मैफलींत तिच्या काही रचना वाजल्या. पण सुट्टीत लिहायचं आणि सत्र सुरू झालं की वही मिटायची, असं चाललं होतं. मग युद्ध. विद्यार्थिनींना लंडनबाहेर हलवलं, त्यांच्याबरोबर तीही लिंकनशायरमधल्या ग्रँथमला गेली. परक्या गावात, घरापासून आणि समुद्रापासून दूर बसून तिने पियानो आणि वाद्यवृंदासाठी ‘सिंफोनिया कॉन्सर्टांटे’ आणि पहिली सिंफनी लिहिली. फॅन्टसियाही याच युद्धाच्या काळातली. आणि १९४४ मध्ये ‘सी स्केचेस’.

आता इथे मी रेंगाळणार आहे, कारण तुम्ही पुढे काय ऐकावं याचं पहिलं उत्तर हेच आहे.

‘सी स्केचेस’ फक्त तारवाद्यांसाठी आहे. बासरी नाही, हॉर्न नाही, हार्प नाही, झांजांचा फेस नाही. समुद्र रंगवायचा म्हटलं की संगीतकार सहसा हीच आयुधं आधी उचलतो. हिने ती सगळी बाजूला ठेवली. पाच तुकडे आहेत: जोराचा वारा, शिडाच्या होडीचं गाणं, खाडीतले भोंगे, फुटणाऱ्या लाटा आणि उन्हाळ्यातला शांत समुद्र. सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत. अर्पणपत्रिका आईवडिलांना: ग्लॅमॉर्गनच्या किनाऱ्यावर संसार थाटण्याचं शहाणपण दाखवल्याबद्दल. ही ओळ तिने समुद्रापासून दूर राहून लिहिली आहे हे ध्यानात घेतलं की त्यातला विनोद जरा ओलसर लागतो.

पहिला तुकडा वाजवायला घाम काढतो. वारा एका वाद्यगटातून दुसऱ्यात धावतो आणि आपल्या वाट्याला आलेली धाव अर्धवट असते; सुरुवात कोणीतरी केलेली, शेवट दुसरा कोणीतरी करणार. सरावात प्रत्येक जण आपला भाग गाण्यासारखा वाजवायला जातो आणि वारा पडतो. आमच्या संचालकाने शेवटी सांगितलं, ‘तुम्ही कोणीच वारा नाही आहात, तुम्ही फक्त झाडं आहात.’ त्यानंतर जमलं.

पण माझा जीव तिसऱ्या तुकड्यात आहे, ‘चॅनेल सायरन्स’मध्ये. नावात श्लेष आहे. सायरन म्हणजे ग्रीक पुराणातल्या, गाऊन खलाशांना खडकांवर ओढणाऱ्या स्त्रिया, आणि सायरन म्हणजे धुक्यात जहाजांना सावध करणारे भोंगे. एक जवळ बोलावते, दुसरा लांब राहा म्हणतो. ग्रेसने दोघींना एकाच स्वरात गायला लावलं आहे. दाबलेले, जाडसर, लांबलेले सूर येतात, त्यांच्यात जवळच्या स्वरांचा घासा असतो, आणि कुठून आले ते कळत नाही. एका हिवाळ्यात थंडगार चर्चच्या हॉलमध्ये आम्ही हा तुकडा बसवत होतो. हा भाग सोपा म्हणून मी घरी पाहिलाच नव्हता. स्वर मोजकेच होते. आणि मोजायला चुकलो. सगळे थांबले असताना माझा एकट्याचा व्हायोला पुढचा सूर धरून बसला. शेजारची चेलोवाली म्हणाली, ‘धुक्यात असंच होतं.’ त्या दिवशी कळलं की कमी स्वर म्हणजे सोपं संगीत नव्हे. प्रत्येक शांततेची लांबी तिने तोलून ठरवली आहे.

शेवटचा, शांत समुद्राचा तुकडा ऐकताना माझी सूचना ऐका: धुन शोधू नका. खालच्या आवाजांकडे कान ठेवा, चेलो आणि बास कधी सरकतात ते पाहा. वर ऊन आहे, खाली ती भरतीची ओढ चालू आहे. यात एकही वेल्श लोकधुन नाही. तरी बॅरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की हेच आठवतं.

युद्धानंतर ती बॅरीला परतली ती कायमची. प्रकृती ढासळली होती, मन खचलं होतं, संगीत सोडून द्यायची भाषा ती करू लागली होती. सोडलं नाही, पण मिळकत हवी म्हणून बीबीसीच्या शालेय कार्यक्रमांसाठी लिहिणं, मांडण्या करणं असली कामं घेतली. १९४९ मध्ये ‘ब्लू स्कार’ या चित्रपटाचं संगीत केलं. दिग्दर्शिका जिल क्रेगी, विषय साउथ वेल्समधली नुकतीच राष्ट्रीयीकरण झालेली कोळसाखाण. जखमेत कोळशाची पूड राहून कातडी भरली की खाणकामगाराच्या अंगावर निळा वण राहतो, ते हे नाव. पूर्ण लांबीच्या कथापटाला संगीत देणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. हे वाक्य तिच्याबद्दलच्या प्रत्येक टिपणात असतं, आणि मला त्याचा जरा कंटाळा आहे. ‘पहिली स्त्री’ म्हटलं की लोक मान डोलावतात आणि संगीत ऐकायचं विसरतात.

मे १९५१ मध्ये एक दिवस तिने आपली सगळी हस्तलिखितं काढली, तपासली, आणि वाजवण्याच्या लायकीची नाहीत असं वाटलं ती जवळजवळ सगळी नष्ट केली. तुमच्या ‘एवढंच काम कसं’चं हे आणखी एक उत्तर. या प्रकाराकडे लोक हळहळून पाहतात. मी जरा वेगळा विचार करतो. पंचेचाळिशीची, पंचवीस वर्षं लिहीत आलेली बाई निवड करत होती. त्यात काही चांगलंही गेलं असेल. पण त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत जे आलं ते पाहिलं तर असं वाटतं की तिने सामान नव्हे, जागा मोकळी केली.

जे आलं ते ‘पेनिल्यॉन’, १९५५. हे माझं दुसरं उत्तर, आणि जास्त महत्त्वाचं. (वेल्शमधल्या त्या जोड-‘ल’चा खरा उच्चार देवनागरीत लिहिता येत नाही. जीभ ‘ल’च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची. पहिल्या महिन्यात मी बस-थांब्यांची नावं घेताना कंडक्टरच्या तोंडावर थुंकलो असेन.)

पेनिल्यॉन म्हणजे कडवी. वेल्समध्ये गायनाचा एक जुना प्रकार आहे, त्याला ‘केर्द दांत’, म्हणजे तारेवरचं गाणं, असंही म्हणतात. हार्पवाला एक ठरलेली धुन वाजवायला लागतो. गायक लगेच गात नाही. थोडी धुन जाऊ देतो, मग मधूनच शिरतो, आणि गातो ती हार्पची धुन नसते. कवितेच्या कडव्याला स्वतः बेतलेली वेगळीच चाल असते. दोघं आपापल्या वाटेने जातात. अट एकच: शेवटी दोघांनी एकत्र पोचायचं. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पेटीवर लेहरा फिरतो आहे, वादक कुठूनही उठतो आणि समेवर येतो, तसाच जीव इथे टांगणीला लागतो. फरक असा की इथे ठेक्याइतकाच कवितेचा वजनाघात महत्त्वाचा. वेल्श शब्दात आघात सहसा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, आणि त्यातून एक आखूड-लांब असा झटका तयार होतो. वेल्श उपदेशक चॅपलमध्ये रंगात आला की त्याच झटक्यांवर आवाज चढवत नेतो.

ग्रेसने काय केलं? तिने एकही जुनी पेनिल्यॉनची धुन घेतली नाही, गायक घेतला नाही, शब्द घेतले नाहीत. घेतली ती रीत. चार भागांच्या या रचनेत मुख्य ओळ कडव्याकडव्याने पुढे जाते, दर कडव्यात थोडी बदलते, आणि तिच्याखाली दुसरं काहीतरी आपल्या गतीने चालू असतं. तो आखूड-लांब झटका सगळीकडे आहे. सुरुवातीला ट्रम्पेटकडे आलेली ओळ ऐका. ट्रम्पेट म्हटलं की आपल्याला तुतारी, मिरवणूक आठवते. इथे तो एकटा बसून बोलल्यासारखा बोलतो. ट्रम्पेटचा हा माणसासारखा आवाज तिला फार प्रिय, पुढे १९६३ मध्ये तिने त्याच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला, म्हणजे एक वाद्य पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशी रचना. जी भाषा तिला घरी मिळाली नाही त्या भाषेची लय तिने वाद्यवृंदाच्या तोंडी घातली. तिचा वेल्शपणा इथे आहे, फॅन्टसियातल्या घोड्याच्या गाण्यात नाही.

आणखी एक गोष्ट: पेनिल्यॉन लिहिलं ते वेल्सच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदासाठी, म्हणजे शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी. हा वाद्यवृंद १९४५ मध्ये निघाला. मुलांसाठी लिहायचं म्हणून तिने संगीत पातळ केलं नाही, फक्त बोटांना झेपेल असं ठेवलं. शिक्षक असल्याचा फायदा. मी शिकवलेली एक मुलगी पुढे त्याच वाद्यवृंदात गेली आणि पेनिल्यॉन वाजवून आली. तिला विचारलं, कसं होतं? म्हणाली, ‘सर, यात आजी बोलते.’ तिची आजी वेल्श बोलणारी होती.

पुढचं झपाट्याने सांगतो. दुसरी सिंफनी १९५६ ची, कडक आणि कडवट. तिच्यावर तिने १९७५ मध्ये पुन्हा हात फिरवला. मोपासाँच्या कथेवरचा ‘द पार्लर’ हा एकुलता एक ऑपेरा १९६१ मध्ये लिहून झाला. आजी मेली असं समजून घरचे तिच्या सामानावर डल्ला मारतात आणि आजी उठून बसते, ही गोष्ट. संहिताही तिचीच. वेल्श नॅशनल ऑपेराने तो रंगमंचावर आणला १९६६ मध्ये. पाच वर्षं वही पेटीत. साठच्या दशकात सरकारने ओबीई हा किताब देऊ केला, तिने नाकारला. ओबोसाठी ‘कॅरिलॉन्स’ १९६५ चं, हलकंफुलकं, संध्याकाळी ऐकण्यासारखं. १९६८ मध्ये राष्ट्रीय आइस्टेथवड बॅरीलाच भरला. हा वेल्श भाषेचा वार्षिक मेळा, आपल्या साहित्य संमेलनाला गायनस्पर्धा आणि जत्रा जोडली तर जे होईल ते. त्यासाठी तिने ‘बॅलड्स फॉर ऑर्केस्ट्रा’ लिहिलं. गावच्या उत्सवाला काहीतरी आनंदी लिहील अशी अपेक्षा असणार, तिने दिलं ते काळोखं, ठणकतं संगीत. मला ते पेनिल्यॉनच्या खालोखाल आवडतं.

मग ‘मिसा कँब्रेन्सिस’, १९७१. वेल्सचा मास, म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या प्रार्थनांना दिलेलं संगीत. एकल गायक, कॉयर, मुलांचा कॉयर, वाद्यवृंद, तासाभराहून लांब. लॅटिन प्रार्थनेच्या मधोमध तिने वेल्श लेखक सॉन्डर्स ल्युइसचं नाताळगीत मुलांच्या आवाजात आणि वेल्श बायबलमधला उतारा घातला. लँडाफच्या कॅथेड्रलमध्ये, तिथल्या महोत्सवात ते पहिल्यांदा झालं. आणि नंतर? एवढी माणसं जमवायची, एवढे सराव करायचे, आणि नाव ग्रेस विल्यम्स, म्हणजे तिकीट खपेल याची खात्री नाही. दशकानुदशकं ते पडून राहिलं. २०१६ मध्ये सेंट डेव्हिड दिनाला, म्हणजे वेल्सच्या राष्ट्रीय संताच्या दिवशी, कार्डिफमध्ये बीबीसीच्या वेल्श वाद्यवृंदाने ते पुन्हा उभं केलं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न एकत्र बांधू. ‘कमी का लिहिलं’ याला लोक मानसिक कारणं शोधतात: बुजरी होती, स्वतःवर कठोर होती. होतीच. पण ज्याने कधी वाद्यवृंदाचं कामकाज पाहिलं आहे त्याला दुसरी कारणं दिसतात. सिंफनी लिहून झाली की तीस-चाळीस वेगळे भाग हाताने उतरवून काढायचे, त्या काळी त्याला महिने जात किंवा पैसे जात. ते वाजवायला वाद्यवृंद हवा, जो वेल्समध्ये एकच होता, तोही लहान, आणि रेडिओचा. एकदा प्रसारण झालं की संपलं. दुसऱ्यांदा कोणी वाजवलं नाही की प्रकाशक छापत नाही, छापलं नाही की तिसऱ्यांदा कोणी वाजवत नाही. मॅन्सेल टॉमससारखा माणूस बीबीसीच्या कार्डिफ केंद्रात संगीत सांभाळत होता म्हणून निदान पहिली दारं उघडली. ग्रेस तर लंडन सोडून आली होती, जिथे सगळ्या ओळखी होत्या. तिच्या बऱ्याच रचना ती गेली तेव्हाही छापलेल्या नव्हत्या. हस्तलिखितं आज अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

१९७७ च्या सुरुवातीला, कर्करोगाने दिवस मोजके उरले आहेत हे कळल्यावर तिने मकाँकीला पत्र लिहिलं. रडगाणं नाही. इतकी वर्षं लिहिता आलं याबद्दल ती समाधानी आहे, आणि अजून सूर्यास्त आहेत, समुद्र आहे, मित्रांचं समजून घेणं आहे असं म्हणते. १० फेब्रुवारीला ती गेली, एकाहत्तरावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, बॅरीलाच.

ऐकायचा क्रम असा ठेवा. लिरिटा कंपनीची एक डिस्क आहे, तिच्यात चार्ल्स ग्रोव्हज आणि डेव्हिड अ‍ॅथर्टन यांनी संचालन केलेली जुनी ध्वनिमुद्रणं एकत्र आहेत: फॅन्टसिया, कॅरिलॉन्स, पेनिल्यॉन, ट्रम्पेट कॉन्चेर्तो आणि सी स्केचेस. इंटरनेटवरही मिळतात. फॅन्टसिया सोडून द्या, ती तुमची झाली आहे. पहिल्या दिवशी फक्त सी स्केचेस, तेही हेडफोनवर. मोबाइलच्या स्पीकरवर चेलो आणि बास गायब होतात आणि मग काहीच उरत नाही. दोन-तीन दिवसांनी पेनिल्यॉन, सलग दोनदा. मग बॅलड्स. दुसरी सिंफनी त्यानंतर, घाईने नको. तुम्ही कॉयरमध्ये गात असाल तर ‘आवे मारिस स्टेला’चे कागद मागवा, १९७३ चं आहे, साथीशिवाय गायचं, सागरताऱ्याची प्रार्थना. अवघड आहे. आल्टोंना, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांना, सांगून ठेवा की श्वास चोरून घ्यावे लागतील, कारण तिथेही पाणी कुठे थांबत नाही.